कागदावर न उठलेले छर्रे

ओपल स्टिडम काडतुसं आणायला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत कपडे वाळत घालायची दोरी होती. घरी बीन्स मंद आचेवर चढवलेले, मक्याचा पाव फडक्याखाली झाकलेला, नवरा क्लेल झोपलेला आणि त्याचं ऑक्सिजनचं यंत्र आपलं सूं-फट्, सूं-फट् करत असलेलं. सगळं जागच्या जागी होतं. दुपार होती, पण धुकं खाली उतरलं होतं. आमच्या खोऱ्यात नोव्हेंबरातलं धुकं इतकं दाट असतं की माझ्या चुलत्यानं एकदा त्याला गाय समजून खरारा केला होता, आणि शेवटी शेवटी ते हंबरलं, असं तो चर्चमध्ये उभा राहून शपथेवर सांगायचा.

पण ओपलची गोष्ट तशी नाही. ती मला जशी कळली तशी सांगतो.

काडतुसं आणायला दोरी कशाला, असं आमच्या केंटकीच्या डोंगरात कुणी विचारत नाही. दोरी म्हणजे घराचं माप. छऱ्यांची बंदूक झाडली की छर्रे पुढं जाता जाता पसरतात, आणि किती पसरतील ते अंतरावर असतं. म्हणून घरात चोर जिथं उभा राहील आणि आपण जिथं उभं राहू, तेवढी दोरी मोजायची, ती घेऊन डॉर्सी ब्रॅशरच्या दुकानी जायचं, मागच्या ओढ्याकाठी तेवढ्याच अंतरावर कागद टांगायचा आणि बार काढून बघायचा. ज्या काडतुसाचा कागद पटेल ते घरी न्यायचं. डॉर्सीचा बापही असंच विकायचा. "मला विचारू नका, कागदाला विचारा," हे बाप आणि मुलगा दोघांचं ठरलेलं वाक्य.

डॉर्सीकडे गळाला लावायचे किडे, काडतुसं आणि तळलेल्या बोलोना सॉसेजचं सँडविच एकाच काउंटरवर मिळतं. तिन्हींची चव सारखीच असते म्हणणारेही आहेत. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालेला, त्यामुळे गावातली पुरुषमंडळी डोंगरावर गेली होती. शेगडीपाशी एकटा होबर्ट उरला होता. होबर्ट म्हणजे ओपलचा धाकटा दीर. गुडघा निकामी, पण जीभ ठणठणीत.

"या वहिनी!" तो म्हणाला. "ऐकलं का, बंदूक हाती घेणार म्हणे. म्हणजे आता क्लेलदादाला जेवणात मीठ कमी आहे म्हणायचीसुद्धा चोरी."

"भावजी, तुम्ही सँडविच खा," ओपल म्हणाली. "तोंड भरलेलं असलं की शहाणे दिसता."

डॉर्सी हसला. तो आणि ओपल शाळेत एका बाकावर बसलेले. "कशासाठी हवंय?" त्यानं विचारलं, पण कशासाठी ते त्याला ठाऊक होतं. खोऱ्याच्या तोंडाशी राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या घरात भरदिवसा कुणी तरी शिरलं होतं. टीव्हीला हात लावला नाही, पैशाला लावला नाही. कपाटातल्या वेदनेच्या गोळ्या तेवढ्या नेल्या. आणि अशा गोळ्यांची बाटली क्लेलच्या उशाशीही होती. कोळशाच्या खाणीत जन्म काढून त्याची फुप्फुसं दगड झाली होती. त्या गोळ्यांवाचून त्याला रात्र निभत नसे.

डॉर्सीनं काउंटरवर तीन काडतुसं उभी केली. "हे पाखरांसाठी. मोहरीएवढे छर्रे. हे हरणाचं, वाटाण्याएवढे. आणि ह्यात शिशाचा एकच गोळा."

"गोळा घ्या," होबर्ट म्हणाला. "चोर, भिंत, शेजाऱ्याची गाय, सगळं एका बारात."

"तेच तर नकोय ना!" ओपल म्हणाली. "पॅसेजच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला क्लेलची खोली. चोर येणार स्वयंपाकघरातून, म्हणजे तो आमच्या दोघांच्या मधे. मी बार काढणार तो क्लेलकडे तोंड करूनच. आणि भिंत कसली डॉर्सी, जिप्समचा पुठ्ठा नुसता! पलीकडं क्लेलचं डोकं आणि शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर."

डॉर्सीनं शेवटची दोन काडतुसं उचलून बाजूला ठेवली.

"मग पाखरांचं," डॉर्सी म्हणाला.

"पाखरांच्यानं चोर थांबतो होय?" होबर्ट म्हणाला. "जाकीट जाड असलं तर खाजवेल नुसता."

"एक थांबवत नाही, दुसरं थांबत नाही," ओपल म्हणाली. "मला मधलं काही तरी दे. चोराला लागेल आणि क्लेलला लागणार नाही असं."

"तसं काडतूस निघालं तर मी आधी माझ्या घरी नेईन," डॉर्सी म्हणाला. "चल. कागदाला विचारू."

ओढ्याकाठी धुकं गुडघ्यापर्यंत होतं. डॉर्सीनं लाकडी चौकटीवर खाटकाचा तपकिरी कागद ताणला. मागं मातीचा उंच बांध. दोरी जमिनीवर अंथरली. ओपलनं घरून आणलेली सासऱ्याची जुनी एकनळी बंदूक खांद्याला लावली, पाखरांचं काडतूस भरलं आणि चाप ओढला. आवाज ओढ्यात घुमून परत आला.

तिघं कागदापाशी गेले. परातीएवढ्या जागेत बारीक भोकंच भोकं होती. फक्त मधे काही नव्हतं.

"डोनट पडलंय," होबर्ट म्हणाला. "स्वस्तातलं काडतूस. आतलं बूच छऱ्यांना धक्का देतं, मग मधलं रिकामं राहतं. मी लहानपणापासून बघतोय."

डॉर्सीनं मान डोलावली. अशा वेळी आमच्याकडचा कुठलाही माणूस हेच म्हणाला असता. ओपल मात्र जवळ जाऊन बघत राहिली. रिकामी जागा गोल नव्हती. खाली रुंद होती, वर तिला पाच फाटे फुटले होते.

"हा हात आहे," ती म्हणाली.

"वहिनी, ढगात पण तुम्हाला ससे दिसत असतील."

"डॉर्सी, तू बघ. हा अंगठा."

डॉर्सीनं बघितलं. मग कागद काढला, नवा लावला आणि दुसऱ्या कंपनीचं काडतूस आणून दिलं, थोडे जाड छर्रे असलेलं. ओपलनं बार काढला. या वेळी पंजा परातीत मावत नव्हता. बोटांच्या बेचक्यांत तेवढे छर्रे लागले होते, बोटांची टोकं भोकांच्या पलीकडं कोऱ्या कागदात निघून गेली होती.

होबर्ट आता सँडविच खात नव्हता. "बंदूक म्हातारी झालीय," तो म्हणाला. "नळी आतून खाल्ली असेल गंजानं."

"आण इकडं." डॉर्सीनं ओपलची बंदूक घेतली, तेच काडतूस भरलं, त्याच खुणेवर उभं राहून झाडलं. नव्या कागदावर परात गच्च भरली. मधे बोट ठेवायलाही जागा नाही.

"बघा! बंदूक ठीक आहे," होबर्ट म्हणाला. मग आपण काय म्हणालो ते त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे... नेम वहिनींचा..."

"भावजी, नेमाचा हात होतो का कुठं?"

आणखी एक कागद लावून ओपलनं पुन्हा बार काढला. कागद कोरा. एक भोक नाही. डॉर्सीनं स्वतःची बंदूक आणून तिच्या हातात दिली. धूर, आवाज, खांद्याला दणका, सगळं व्यवस्थित, आणि कागद कोरा. मागच्या बांधाची माती होबर्टनं बोटानं उकरून बघितली. आधीच्या बारांचेच छर्रे होते, नवं भोक एकही नव्हतं. त्यानं वर आभाळाकडे बघितलं, मग खाली धुक्यात पाय चाचपले, जणू छर्रे वाटेत कुठं सांडले असतील.

"डॉर्सी," ओपल म्हणाली, "हे काडतुसाचं असतं ना? काडतूस बदललं की जातं ना हे?"

डॉर्सी कागद गुंडाळत होता. तो फार हळू बोलला. "ओपल, दिव्यापुढं हात धरला की भिंतीवर सावली पडते. मोठी कधी होते ती? हात भिंतीकडं सरकला की?"

"नाही... दिव्याकडं."

"हं." त्यानं कोरा कागद वर धरला. "पहिल्यांदा तो कागदापाशी होता. नंतर अर्ध्या वाटेवर. आणि आता..." त्यानं आणि होबर्टनं ओपलच्या हातात खाली झुकलेल्या नळीच्या तोंडाकडं बघितलं. तिथं धुकंच होतं.

दुकानात परत आल्यावर ओपलनं विचारलं, "मग कुठलं नेऊ?" शेवटी डॉर्सीनं मधल्या छऱ्यांचा एक डबा पुढं सरकवला.

"काही का न्या ना," होबर्ट हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "वाटाणे भरा. एक बरं झालं वहिनी, तुमच्या हातून क्लेलदादाला काही लागणार नाही, एवढं तर ठरलं."

हे वाक्य तो बोलून गेला. ओपल मात्र ते घरी घेऊन गेली.

क्लेल जागा झाला होता. "कुठली आणलीस?" त्यानं खोलीतून विचारलं.

"कळत नाहीये."

"काडतुसांच्या दुकानातून आलीस आणि कुठली ते कळत नाही? माझ्या बापाच्या बंदुकीची काही तरी लाज राख बाई."

तिनं त्याला बीन्स भरवले. घासाघासाला थांबावं लागे, दोन श्वास घ्यावे लागत. कागदाचं तिनं काही सांगितलं नाही. काय सांगायचं तेच तिचं तिला उमजत नव्हतं. कुणी तरी मधे उभं राहतंय. का? आपल्याला अडवतंय, की सांभाळतंय? आणि अडवायचंच तर कागदापासून आपल्याकडं चालत कशाला यायचं? ती विचार करी आणि विचार पुन्हा तिथंच येऊन थांबे. क्लेलला डुलकी लागली. तिनं दार ओढून घेतलं, बंदूक भरली, आणि पॅसेजच्या टोकाला खुर्चीत बसली. बाहेर दिवस मावळत होता, पण धुक्यामुळं मावळताना दिसत नव्हता, नुसता मळत होता.

स्वयंपाकघराचं दार वाजलं नाही. फक्त बीन्सचा वास पॅसेजमध्ये जास्त आला, कारण तिथली हवा हलली.

मग एक माणूस पॅसेजमध्ये आला. पायांत मोजे, एका हातात बूट, दुसऱ्या हातात मोठा पाना. तो क्लेलच्या दारापाशी जाऊन थांबला आणि त्यानं बूट अलगद खाली ठेवले.

"विलर्ड," ओपल म्हणाली.

विलर्ड टॅकेट. क्लेलबरोबर एकाच पाळीत खाणीत उतरायचा. छताचा दगड पाठीवर पडला, तेव्हा डॉक्टरनं त्याला त्याच गोळ्या सुरू केल्या. पुढं डॉक्टरनं बंद केल्या. पाठीनं दुखणं काही बंद केलं नाही.

"ओपल... मी क्लेलला भेटायला आलोय."

"बूट काढून?"

तो ओशाळला. पण पाना खाली गेला नाही. "दोनच दे. दोन दिल्यास तर जातो... देवाशपथ जातो."

"तुला दोन पुरतील?"

"नाही," विलर्ड म्हणाला. खरं तेच बोलला बिचारा. आणि त्यानं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

ओपल उभी राहिली. बंदूक खांद्याला लावली. नळीपुढं विलर्डची छाती, छातीमागं दार, दारामागं क्लेलचं डोकं, सगळं दोरीसारखं सरळ रेषेत. दुसरी कुठली बाई असती तर इथं थांबली असती. ओपलच्या मनात मात्र होबर्टचं वाक्य होतं. आवाज होईल, हा पळेल, आणि छर्रे... छऱ्यांचं बघायला कुणी तरी आहे.

तिनं चाप ओढला.

घर हादरलं. कपाटातल्या बशा किणकिणल्या. धूर पॅसेजभर लोंबला, आणि त्यात बंदुकीच्या दारूच्या वासाबरोबर ओल्या, बंद जागेचा एक वास, खूप दिवस न उघडलेल्या तळघरासारखा. धूर निवळला तेव्हा विलर्ड तिथंच उभा होता. त्यानं छाती चाचपली. पोट चाचपलं. मागं दार बघितलं. दारावर ओरखडाही नव्हता.

मग त्यानं ओपलकडं बघितलं. नाही, ओपलकडं नाही. तिच्या जरा अलीकडं, आणि हळूहळू मान वर करत, जसं आपण फार उंच माणसाचा चेहरा शोधतो तसं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"माफ करा," तो म्हणाला. ओपलशी तो असा कधी बोलला नव्हता. "मला ठाऊक नव्हतं, तुम्ही इथं... मी जातो. मला जाऊ द्या..."

तो भिंतीला पाठ घासत मागं सरकला आणि स्वयंपाकघरातून धुक्यात पळाला. बूट तिथंच राहिले.

ओपल आत धावली. क्लेल उशीवर कोपर टेकून बसला होता. यंत्र चालू होतं.

"कोण होतं?"

"विलर्ड. गेला."

"लागलं त्याला?"

"नाही."

क्लेलनं तिच्या हातातली बंदूक बघितली, मग दार बघितलं, मग दोन्हींमधली रेष बघितली. खाणीतला माणूस होता, कुठला दाब कुठं येतो हे त्याला एका नजरेत समजे.

"माझ्याकडं तोंड करून बार काढलास?"

"हो."

"ही अशी भिंत मधे असताना?"

"हो."

"आणि... तुला खात्री होती?"

"होती, क्लेल."

त्यानं दोन श्वास घेतले. "कुणाची?" त्यानं विचारलं.

तिनं काही तरी करायचं म्हणून बंदूक बिजागरीत वाकवून उघडली, रिकामी पुंगळी काढून टाकायला. पण आत पुंगळी नव्हती. भरलेलं काडतूस होतं. तिनं आणलेल्या डब्यातली काडतुसं लाल, प्लॅस्टिकची होती. हे मेणकागदाचं होतं, मातकट रंगाचं, हाताला गार आणि दमट. तिनं पुन्हा बंदूक भरली नव्हती. भरायला तिच्याजवळ डबाही नव्हता. तो खुर्चीपाशीच पडला होता.

"माझी पुंगळी कुठंय?" ती स्वतःशीच म्हणाली. जणू तेवढाच एक प्रश्न होता.

तिनं ते काडतूस खिडकीच्या कठड्यावर उभं केलं, बंदूक रिकामी करून पॅसेजमध्ये टेकवली आणि होबर्टला फोन लावून झालेलं सगळं सांगितलं.

"भावजी, सकाळी येऊन बंदूक घेऊन जा."

"घाबरून तुम्हीच भरलं असेल वहिनी, आठवत नसेल," होबर्ट म्हणाला. "पण... मेणकागदाचं? डॉर्सीच्या बापाच्या वेळेनंतर कुठं बघितलं नाही ते." मग त्यानं घसा खाकरला. "उजाडलं की येतो. तोवर हात लावू नका."

तिनं हात लावला नाही. क्लेलजवळच खुर्चीत बसून राहिली आणि कधी तरी तिचा डोळा लागला. ती उठली ती सकाळच्या उजेडात, होबर्टच्या गाडीच्या भोंग्यानं. क्लेल शांत झोपला होता. खिडकीच्या कठड्यावर काही नव्हतं.

होबर्टनं पॅसेजमधली बंदूक उचलली, रीतीप्रमाणं उघडून बघितली, आणि तसाच उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही रात्री पुन्हा बार काढलात?"

"नाही."

आत मेणकागदाची पुंगळी होती. झाडलेली. तोंडाशी कागद फुलून फाटलेला. होबर्टनं ती बाहेर काढली आणि पटकन या हातातून त्या हातात केली. ती अजून गरम होती.

दोघांनी घर शोधायला घेतलं. पॅसेजच्या भिंती हातानं चाचपल्या. क्लेलचं दार आतून-बाहेरून बघितलं. छत, फरशी, कपाट, खिडक्यांच्या काचा. होबर्ट गुडघा धरत छपरावर चढला. एक भोक नाही, एक छर्रा नाही. आधी ओपलला हायसं वाटलं, हेही कालच्यासारखंच झालं म्हणून. मग तिला आठवलं की काल थांबले होते ते तिनं काढलेले बार. डॉर्सीच्या हातचा कुणी थांबवला नव्हता. आणि हा तिनं काढलेला नव्हता.

"असं कसं होईल?" होबर्ट खाली उतरत वैतागून म्हणाला. "बार निघाला म्हणजे तो कुठं तरी लागायला हवा!"

"लागेल. अजून लागायचाय," ओपल म्हणाली.

ती क्लेलच्या खोलीत गेली. तो जागा होऊन चहाची वाट बघत होता. तिनं त्याची खाट भिंतीपासून ओढली.

"काय करतेस?" क्लेल म्हणाला.

"थांब जरा." तिनं खाट समोरच्या भिंतीला लावली. तिथं क्षणभर उभी राहिली. मग तिथूनही ओढली आणि खिडकीकडं नेली, खिडकीवरून परत मधे आणली. यंत्राची नळी ताणली जात होती.

"अगं, कुठं नेतेस मला?"

ओपल खोलीच्या मधोमध खाट धरून उभी होती आणि चारी भिंतींकडं बघत होती, तो बार कुठल्या भिंतीतून येईल ते शोधत.